हातभर अंतरावरून

ताईच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. ते टेबलावरच्या जाड शब्दकोशात खूण म्हणून राहिलं होतं, आणि शब्दकोश उघडावा लागू नये म्हणून मी हल्ली अडलेल्या शब्दांवरून तसाच पुढे वाचत जात होतो.

पत्र लहानच होतं.

'बाळ्या, माझा लॅपटॉप गेला. चालू होतो, पण जरा वेळाने तापतो आणि बंद पडतो, माझ्यासारखाच. नवा घ्यायचाय. दुकानदार विचारतो, स्क्रीनचं रेझोल्यूशन किती हवं? मी म्हटलं, भावाला विचारून सांगते, त्याने जन्मभर ठिपकेच मोजलेत. माझं काम तुला ठाऊक आहे. बिलं भरायची, बातम्या वाचायच्या, आणि संध्याकाळी नातीबरोबर ट्रक चालवायचा. एका ओळीत उत्तर दे. बघतो असं लिहिलंस तर पत्र परत पाठवीन.'

अक्षर नेहमीपेक्षा मोठं होतं आणि ओळी एकमेकींवर चढल्या होत्या. घाईत लिहिलं असेल, असं मला वाटलं.

ठिपके मोजले हे खरं. मी एका छापखान्यात ब्लॉक, म्हणजे छपाईचे धातूचे ठसे, करण्याच्या खात्यात होतो. फोटो छापायचा तर तो आधी ठिपक्यांत फोडावा लागतो. त्यासाठी कॅमेऱ्यात बारीक रेघांची काचेची जाळी बसवायची. वर्तमानपत्राच्या खरबरीत कागदाला जाड जाळी, गुळगुळीत आर्टपेपरला बारीक. जाळी चुकली की माणसाच्या चेहऱ्याचा शाईचा डाग व्हायचा. काम झालं की मी भिंगातून ठिपका न् ठिपका तपासायचो. फोरमन विचारायचे, "झाला का पास?" मी म्हणायचो, "बघतो." परत तपासायचो. ते परत विचारायचे. शेवटी खात्यात माझं नावच 'बघतो' पडलं. "बघतोकडे दे रे हा ब्लॉक, संध्याकाळपर्यंत बघेल," असं म्हणायचे. मला राग येत नसे. आपल्याला खात्री वाटत नाही यात खोटं काहीच नव्हतं.

ताई माझ्या अगदी उलट. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. ट्रंक कॉल तीन मिनिटांचा असे, आणि माणसाला जे म्हणायचं ते तीन मिनिटांत म्हणता येतं असं तिचं ठाम मत आहे. मला फोनवर बोलणं जमत नाही. मी नुसता हं हं करतो. म्हणून ती मला अजून पत्र लिहिते.

ट्रकचं सांगायला हवं. तिची नात, म्हणजे मुलाची मुलगी, दूरच्या शहरात शिकायला आहे. कॉम्प्युटरवर एक खेळ असतो, त्यात मोठमोठे ट्रक घेऊन डोंगरदऱ्यांतून माल पोचवायचा. दोन माणसं आपापल्या घरी बसून एकाच रस्त्यावर गाडी चालवू शकतात. नातीने सुट्टीत हे आजीला शिकवलं आणि टेबलाच्या कडेला पकडीने बसवायचं एक स्टिअरिंगसुद्धा आणून दिलं. जिने आयुष्यात सायकल चालवली नाही ती ताई रोज संध्याकाळी लाकडाचे ओंडके घेऊन घाट चढते. नात पुढे, ही मागे. कानाला हेडफोन. कॉलेजात काय झालं, मैत्रीण का रुसली, मेसमधली भाजी कशी होती, हे सगळं त्या रस्त्यावर बोललं जातं. समोरासमोर बसून मुलगी इतकं बोलत नाही, असं ताई म्हणते. दोघींची नजर रस्त्यावर असते म्हणून बोलता येत असावं.

तेव्हा प्रश्न साधा होता, पण मी तो साधा राहू दिला नाही. वाचनालयात जाऊन कॉम्प्युटरची मासिकं काढली. एकात लिहिलं होतं, जितके ठिपके जास्त तितकं चित्र स्वच्छ. दुसऱ्यात, जास्त ठिपके म्हणजे बॅटरीला खार आणि खेळाला अडथळा. तिसऱ्यात दोन्ही होतं. मी उत्तराचा कच्चा मसुदा केला, चार पानी. पहिल्या दोन पानांत जे सांगितलं होतं ते पुढच्या दोन पानांत मागे घेतलं होतं.

मध्ये ताईचा फोन आला.

"पत्र मिळालं का रे?"

"हं."

"मग?"

"बघतोय."

ती हसली. "झाली तीन मिनिटं," म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर तिने पुन्हा विचारलं नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

शेवटी मी दुकानात गेलो. जाताना कपाटातलं छापखान्यातलं भिंग खिशात टाकलं.

दुकानात निळा शर्ट घातलेली एक बाई होती. चाळिशीची असेल, चष्मा केसांवर चढवलेला. "या आजोबा. कुणासाठी बघताय?"

"बहिणीसाठी."

"काम काय करणार त्या लॅपटॉपवर?"

"बिलं, बातम्या..." मला पुढचं सांगायला लाज वाटली. "आणि ट्रक चालवणार."

"ट्रक?"

"गेममध्ये. ती मोठी आहे माझ्यापेक्षा."

बाईने चष्मा डोळ्यांवर आणला आणि माझ्याकडे पाहिलं. "भेटायला हवं हो त्यांना एकदा. आमच्या घरी गेमचं नाव काढलं की सासूबाई टीव्हीचा आवाज वाढवतात."

तिने ओळीने लॅपटॉप दाखवले. ही स्क्रीन सगळ्यात स्वस्तातली, तेराशे सहासष्ट गुणिले सातशे अडुसष्ट, हिच्यावर अक्षरं दातेरी दिसतात, ही नको. ही फुल एचडी, एकोणीसशे वीस गुणिले एक हजार ऐंशी, रोजच्या कामाला आणि खेळाला पुरे. आणि ही फोर-के. आडवे-उभे दोन्हीकडे दुप्पट, म्हणजे एकूण चौपट ठिपके.

मी भिंग काढलं.

"हे काय आणलंत? सोनाराकडचं आहे का?"

"छापखान्यातलं."

मी एकेका स्क्रीनला भिंग लावून वाकलो. तांबडे, हिरवे, निळे उभे कण, एकमेकांना चिकटून, शिस्तीत. आमचे रंगाचे ठिपके वेगवेगळ्या कोनांत तिरके बसवावे लागत, नाहीतर चित्रावर जाळं उमटे. इथे कोन नाही, शाई नाही, पसरण्याची भीती नाही. आणि फोर-केवर तर ते कण इतके बारीक, की असा ब्लॉक जन्मात कुणाच्या हातून झाला नसता. मी किती वेळ वाकलो होतो कोण जाणे. उठलो तेव्हा कंबर धरली होती.

"हाच," मी म्हणालो.

"आजोबा, हा चौदा इंची आहे. स्क्रीन सुरेख आहे, मी नाही म्हणत नाही. पण खेळताना एवढे ठिपके हलवायचे तर आतलं ग्राफिक्स कार्डही तसंच दांडगं लागतं. ह्यातलं साधंच आहे. त्यांना सतरा इंची फुल एचडी द्या, बरं पडेल."

"नाही. हाच."

माझा मलाच आवाज ओळखू आला नाही. मी शोधूनही माझ्या मनात शंका सापडत नव्हती. भिंगातून पाहिलं होतं ना मी.

तिने खोकं बांधलं. "आठवड्यात बदलून मिळेल हं. खोकं फेकू नका."

ते मांडीवर घेऊन मी बसने ताईकडे गेलो. उत्तर लिहिण्यापेक्षा हे सोपं होतं.

"अगोबाई, उत्तर चालत आलं!" ताईने दार उघडलं. "आणि भलं मोठं खोकं घेऊन! पोस्टाला परवडलं नसतं म्हणून का?"

ती नेहमीसारखीच बोलत होती. पण माझ्याकडे बघताना तिने मान जराशी वळवली होती, माझ्या कानामागे कुणी उभं असावं तशी. चहा ओतताना तिने कपाच्या काठाला बोट लावून ठेवलं होतं.

"ताई, मान अवघडलीय का?"

"मान ठीक आहे. डोळ्यांत मधोमध डाग आलाय. समोरचं पुसट, कडेचं चांगलं. म्हणून कडेने बघते. डावा गेलाच. उजवा अजून आहे म्हणते डॉक्टरीण. किती दिवस ते तिलाही माहीत नाही. ती तुझ्याच जातकुळीतली दिसते."

"मला कळवलं का नाहीस?"

"कळवून काय? तू चार पुस्तकं आणली असतीस आणि मग दोघं मिळून घाबरलो असतो. साखर घे."

मला शब्दकोशातलं पत्र आठवलं. ते मोठं अक्षर, एकमेकींवर चढलेल्या ओळी. ब्लॉक तपासताना केसाएवढा ओरखडा माझ्या नजरेतून सुटला नव्हता.

लॅपटॉप लावला. नात फोनवरून एकेक पायरी सांगत होती. "मामाआजोबा, डावीकडे खाली... नाही, तुमच्या डावीकडे." सगळी अक्षरं मुंगीएवढी उमटली. ताईने नाक स्क्रीनला लावलं. "हे काय, तिळावर लिहिलंय का?" मग नातीने अक्षरं मोठी करण्याची जागा सांगितली आणि बातम्या वाचण्याजोग्या झाल्या. खेळ उतरवून घेण्यात ती रात्र गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताई पदर खोचून स्टिअरिंगवर बसली. मी तिच्या खांद्यामागे उभा राहिलो. पडद्यावर बर्फाचा घाट, पुढे नातीचा लाल ट्रक. इंजिनाचा आवाज आला आणि दोन्ही ट्रक निघाले.

चित्र अप्रतिम होतं. दगडावरचं शेवाळ दिसत होतं. पण ते चालत नव्हतं. रस्ता उड्या मारत होता. वळण यायचं, थबकायचं, आणि एकदम मागे पडलेलं असायचं. ताईने चाक फिरवलं की ट्रक आधी काहीच करत नसे आणि मग नको तितकं वळे. तिसऱ्या वळणावर तो कठड्यात घुसला.

हेडफोन बाजूला होते. स्पीकरमधून नातीचा आवाज आला. "आजी, कुठे राहिलीस?"

"अगं, माझा रस्ता उचक्या देतोय!"

"मी थांबते हं. पुढे ढाब्यापाशी."

"थांबू नको, तुझा माल नासेल."

"सिमेंट आहे आजी. ते कसं नासेल?"

ताई हसली, पण तिचे हात चाकावर घट्ट होते. रखडत, ठेचकाळत ती उभ्या असलेल्या लाल ट्रकच्या मागे जाऊन थांबली. सगळं स्थिर झालं. आणि तेव्हा मी ते वाचलं. लाल ट्रकच्या मागच्या फळीवर, दिव्यांच्या मधोमध, पांढऱ्या रंगात लिहिलं होतं:

'सावकाश. मागून माझी आजी येत आहे.'

मी ताईकडे पाहिलं. ती मान कलती करून पडद्याच्या कडेकडे बघत होती.

नात आपला ट्रक तिथेच उभा ठेवून जेवायला गेल्यावर मी विचारलं, "ताई, तिच्या ट्रकच्या मागे काय आहे गं?"

"काय असणार? दिवे. दोन तांबडे दिवे. तेच धरून तर चालवते मी."

"आणखी काही?"

"पांढरट पट्टा आहे काहीतरी. नंबर असेल." ती स्टिअरिंगची पकड सैल करू लागली. "मागे एकदा तिने मुद्दाम विचारलं होतं, आजी, माझा ट्रक नवीन रंगवलाय, पाहिलास का? मी म्हटलं, फर्स्टक्लास. आता काय सांगू, दिसत नाही म्हणून? ती खेळायचंच सोडेल. म्हणेल, आजीच्या डोळ्यांना त्रास नको."

म्हणजे नातीला वाटत होतं की आजीने वाचलंय. आणि आजी रोज त्या वाक्याच्या मागून घाट चढत होती.

वाचून दाखवायचं माझ्या अगदी ओठांवर आलं. पण ते मुलीने मी वाचून दाखवण्यासाठी लिहिलं नव्हतं. आणि आजीला अजून एक डोळा होता.

ताई स्वयंपाकघरात गेल्यावर मी सवयीने भिंग काढलं आणि स्क्रीनला लावलं. ठिपके कालच्यासारखेच देखणे होते. मग मला आमच्या फोरमनची आठवण झाली. नव्या माणसाच्या हातातून ते भिंग काढून घेत आणि म्हणत, "ठिपका यात तपास, पण पास करायचा तो वाचणाऱ्याच्या अंतरावरून. पेपर वाचणाऱ्याच्या खिशात भिंग नसतं बाबा." मी ते शेकडो वेळा ऐकलं होतं. मी पास कधी करतच नव्हतो, म्हणून ते माझ्यासाठी नाही असं मला वाटे.

मी चष्मा काढला आणि हातभर मागे सरलो. दोन्ही ट्रक अजून तिथेच उभे होते. फळीवरच्या अक्षरांचा पांढरट पट्टा झाला.

नातीला फोन लावला. मी स्वतःहून फोन लावतो असं फारसं होत नाही, त्यामुळे ती आधी घाबरली. खेळाचं रेझोल्यूशन कमी कसं करायचं ते तिने सांगितलं. मी ते फुल एचडीवर आणलं, म्हणजे चार ठिपक्यांनी मिळून एकाचं काम करायचं. बटणं दाबली तर ताईचा ट्रक तुपासारखा चालू लागला. चष्मा लावून पाहिलं तर फळीवरची अक्षरं तेवढ्यातही वाचता येत होती. पण चष्मा काढला की पुन्हा पट्टा. ठिपके कमी पडत नव्हते. फळीच लहान पडत होती. खरबरीत कागदाला आर्टपेपरची जाळी लावावी, आणि वर फोटो तिकिटाएवढा छापावा, तसं मी केलं होतं. दुकानातल्या बाईने हेच सांगितलं होतं, आणि मी तेवढ्या एकाच वेळी जन्मात ठाम झालो होतो.

सकाळी मी लॅपटॉप पुन्हा खोक्यात भरला.

"काय रे, देऊन परत नेतोस?"

"बदलून पाठवतो."

"कधी?"

उत्तर तोंडात आलं होतं, नेहमीचं. मी ते गिळलं. "याच आठवड्यात. आणि पत्र पाठवतो."

"तुझं पत्र!" ताई दाराच्या चौकटीला टेकून इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. "बाळ्या, मेल्या, मी असेपर्यंत पाठव म्हणजे झालं." मग म्हणाली, "निदान वाचता येईल तोवर."

दुकानात निळ्या शर्टाच्या बाईने खोकं उघडून पाहिलं आणि एकही टोमणा मारला नाही. "सतरा इंची काढू?" एवढंच म्हणाली.

"हो. पण जरा लावून दाखवाल का?"

तिने चालू केला. मी चष्मा काढून खिशात ठेवला आणि मागे सरलो. मागे वॉशिंग मशिन होतं, त्याला टेकलो.

"आज भिंग नाही आणलंत?"

"नाही. तेवढं कशावर तरी मोठ्या अक्षरात 'आजी' असं लिहून दाखवा."

तिने लिहिलं. मग तिने अक्षर थोडं लहान केलं. मग आणखी थोडं. "दिसतंय?" "दिसतंय." "आता?" "दिसतंय." एक गिऱ्हाईक मागे ताटकळत होतं, तेही वाकून बघू लागलं. कुठवर दिसतं ते पाहून झाल्यावर बाईने स्वतःचा चष्मा काढला, माझ्या शेजारी येऊन वॉशिंग मशिनला टेकली आणि डोळे बारीक करून पडद्याकडे पाहिलं. "हे असं कुणी करून बघत नाही हो," ती म्हणाली. लॅपटॉप ताईच्या घरी पोचवायची आणि जोडून द्यायची व्यवस्था तिनेच केली.

घरी येऊन मी शब्दकोश उघडला आणि ताईचं पत्र काढलं. चार पानी मसुदाही निघाला. मी पुन्हा नीट लिहायला बसलो. माझं अक्षर बारीक आहे, छापखान्यात त्याचं कौतुक होई. एक पान झाल्यावर ते भिंतीला टाचलं, चष्मा काढला, हातभर मागे गेलो. भिंतीवर राखाडी रंगाचा एक चौकोन होता.

मग मी जाड काळा मार्कर घेतला. पूर्वी मथळे हाताने काढायचो, तसं एकेक अक्षर काढलं. एका पानावर चार-पाचच शब्द मावत होते. 'मला वाटतं' लिहायला सुरुवात केली आणि लक्षात आलं की त्यातच अर्धं पान जाईल. 'बहुधा'ला जागा नव्हती. 'माझी चूक होत असेल तर' याला तर अख्खं पान लागलं असतं. मी ते सगळं सोडून दिलं.

पहिल्या पानावर लिहिलं: ताई, सतरा इंच. फुल एचडी.

दुसऱ्या पानावर: खुर्ची पुढे घे.

तिसऱ्या पानावर: ट्रकच्या मागचं वाच.

सही करायला चौथं पान घेतलं. 'बाळ्या' त्यावर ऐसपैस बसलं.

पानं वाळेपर्यंत भिंतीवर टाचून ठेवली. चष्म्याशिवाय, हातभर लांबून, सगळी वाचता येत होती. मग घडी घालून पाकिटात घातली. पत्ता मात्र नेहमीच्या बारीक अक्षरात लिहिला. तो पोस्टमनला वाचायचा होता.

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरची पेटी अजून काढलेली नाही. तिचा रंग उडालाय आणि तोंडाशी गंज चढलाय. मी पाकीट अर्धं आत सरकवलं आणि एकदा बाहेर काढून पत्ता वाचला. मागे कुणीतरी वाट बघत असल्यासारखं वाटलं, पण कुणी नव्हतं. मी पाकीट सोडलं. ते तळाला आपटल्याचा आवाज आला. पेटीत दुसरं काही नसावं.